आई, फोन मध्येच ठेवला त्याचं कारण

लिव्हरपूल,
रविवार, ३१ मार्च २०२४, रात्री

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

शुक्रवारी मी फोन मध्येच टाकला म्हणून आई रागावली आहे, असं दादाने कळवलं. रागावणं बरोबर आहे. तू देवासच्या स्थळाचं सांगत होतीस, मुलाच्या आईने पत्रिका मागवली इथवर आली होतीस, आणि तेवढ्यात खालून घरमालकीणकाकूंनी अशी हाक मारली की मला वाटलं त्या पडल्या. फोन पलंगावर टाकून मी जिना उतरले. पडल्याबिडल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात रेडिओजवळ उभ्या होत्या, चहाची किटली हातात तशीच. मला बघून एवढंच म्हणाल्या, "तो येत नाहीये." मी वर येईपर्यंत फोन बंद झाला होता. तो म्हणजे कोण, हे तुला फोनवर दोन मिनिटांत सांगून पटलं नसतं, म्हणून हे पत्र. बाबा तसंही म्हणतात की फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं आणि पत्र कपाटात राहतं.

आधी खुशाली. मी बरी आहे. खोकला पूर्ण गेला. ऑफिसचं, जेवणाचं तुम्हाला ठाऊक आहेच, त्यात नवीन काही नाही. नवीन एवढंच की आजपासून इथली घड्याळं तासभर पुढे गेली, त्यामुळे आता आपल्यात साडेपाचऐवजी साडेचारच तासांचं अंतर. बाबांची रात्रीची गोळी साडेनऊची, तेव्हा इथे पाच वाजलेले असतील. ऑफिसातून निघता निघता रोज फोन करता येईल. एका तासाने काय होतं असं तुम्ही म्हणाल, पण मला सकाळपासून त्याचाच आनंद आहे.

कालची आपल्या इंदूरची रंगपंचमीची गेर, ती रंगांची मिरवणूक, मी दादाने पाठवलेल्या व्हिडिओत पाहिली. राजवाड्यासमोर माणसाला माणूस दिसत नव्हता इतका गुलाल. बाबा गुडघ्यामुळे गेले नाहीत, गच्चीवरूनच आकाश बघत बसले, असं वहिनी म्हणाली. ते वाचून मी बराच वेळ काही केलं नाही.

आता फोनचं कारण. गोष्ट २६ जानेवारीपासून सुरू होते. प्रजासत्ताक दिन म्हणून तू पाठवलेले बेसनाचे लाडू मी ऑफिसात नेले होते. डबा उघडून ठेवला तर कुणी हात लावेना. माझ्या पलीकडे एक पन्नाशीचे गृहस्थ बसतात, पाइपमधल्या दाबाची गणितं तोंडी करणारे, ते डोळे पुसत होते. कुणाकडे तरी वाईट घडलं असेल असं समजून मी डबा झाकून ठेवला. मग कळलं की यूर्गन क्लॉपने, म्हणजे लिव्हरपूलच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाने, हा हंगाम संपला की आपण जाणार असं जाहीर केलं होतं. त्याला कुणी काढलं नव्हतं, तो आजारी नव्हता. वय फक्त ५६. माझं बळ संपत आलंय, असं त्याने स्वतः सांगितलं. २०१५च्या ऑक्टोबरात हा जर्मन माणूस आला, २०१९ला युरोपचा कप आणला आणि २०२०ला तीस वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकून दिली. शिवाय इथल्या माणसांत मिसळला. त्या दिवशी दुपारी बसमध्ये कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

तेव्हापासून अख्खं गाव एकाच प्रश्नात अडकलंय: याच्या जागी कोण?

इथल्या लोकांची ही सवय कळायला मला दोन महिने लागले, म्हणून जरा सविस्तर सांगते. ज्याला कुणी विचारलेलं नाही, ज्याच्या हातात काही नाही, असा प्रत्येक माणूस निवड समितीत बसल्यासारखा बोलतो. ओळखीचं कुणी भेटलं की "कशी आहेस" झाल्यावर दुसरा प्रश्न हाच, "तुला कोण हवा?" मला माहीत नाही, हे उत्तर चालत नाही. आपल्याकडे पानावर बसून "मला काही नको" म्हटल्यावर यजमानीणबाईंना जसं वाटतं, तसं यांना वाटतं. नाव सांगायचं. मग कारण सांगायचं. समोरचा ते खोडून काढणार, मग आपण दुसरं द्यायचं. दोन दिवसांनी तोच माणूस आपलं कारण स्वतःचं म्हणून तिसऱ्याला सांगताना ऐकू येतो. सुरुवातीला मला वाटायचं ही भांडणं आहेत, आणि मी बाजूला व्हायची. ती भांडणं नाहीत. घरातलं कर्तं माणूस थकलं की चार जण ओट्यावर बसून पुढचं बोलतात, तसं ते बोलणं आहे. मी पहिल्यांदा एक नाव घेतलं आणि त्याचं कारण दिलं, त्या दिवसापासून गल्लीतले लोक मला नावाने हाक मारू लागले.

बाबा, तुम्ही विचाराल की कोच बदलला तर एवढं काय, खेळणार तर खेळाडूच. क्रिकेटमध्ये मैदानात कप्तान असतो, ओव्हर कुणाला द्यायची ते तो ठरवतो. इथे एकदा शिटी वाजली की थांबायला उसंतच नाही. कुणी कुठे उभं राहायचं, चेंडू गेला की किती जणांनी धावून जायचं, हे सगळं आठवडाभर आधी कोच अंगात मुरवतो. त्यात आणखी एक पेच आहे. पूर्वी या माणसाला मॅनेजर म्हणायचे, आणि खेळाडू विकत घेण्यापासून सगळं तोच बघायचा. आता बहुतेक क्लबांत हेड कोच असतो आणि खरेदीचं खातं वेगळ्या माणसाकडे. लग्नात आचारी एक आणि सामान भरणारा दुसरा, तशी व्यवस्था. इथेही याच महिन्यात मायकेल एडवर्ड्स आणि रिचर्ड ह्यूज अशा दोघांना वरच्या जागांवर नेमलंय आणि नवा माणूस तेच निवडणार. म्हणून वादात वाद: येणारा फक्त स्वयंपाक करणार, की भाजीही स्वतः निवडून आणणार?

आणि कोचने काय होतं हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार! मी काकूंना चंद्रकांत पंडितांची अख्खी गोष्ट सांगितली. १९९९ला मध्य प्रदेशचा कप्तान म्हणून बेंगळुरूच्या मैदानात कर्नाटकाकडून रणजी फायनल हरलेला मुंबईचा माणूस, तेवीस वर्षांनी कोच होऊन त्याच मैदानात आपल्याला घेऊन गेला आणि त्याच्याच मुंबईला सहा गड्यांनी हरवून मध्य प्रदेशला पहिल्यांदा रणजी मिळवून दिली. आपल्या रजत पाटीदारच्या १२२ धावा मी त्यांना दोनदा सांगितल्या. आणि त्याआधी पंडित विदर्भाचे कोच असताना त्यांची फायनल आपल्या होळकर स्टेडियममध्ये झाली होती, तेव्हा थंडीत तुम्ही मला बरोबर नेलं होतं, डब्यात पराठे होते. विदर्भाने दिल्लीला नऊ गड्यांनी हरवलं, २०१८च्या पहिल्याच दिवशी. सगळे गुरबानीच्या हॅटट्रिकचं बोलत होते आणि तुम्ही पॅव्हेलियनकडे बोट दाखवून म्हणालात, "खेळले ते, पण रचना त्या माणसाची आहे." ते वाक्य मी इथे भाषांतर करून किती जणांना सांगितलंय! पटतं लोकांना.

एक गंमत फक्त बाबांसाठी. आजोबा ज्या डेनिस कॉम्प्टनचं नाव घ्यायचे, १९४५च्या रणजी फायनलमध्ये होळकरांकडून नाबाद २४९ काढणारा, तो आर्सेनलचा फुटबॉलपटूही होता. लीगही जिंकला, एफए कपही. शेजारच्या एका आजोबांना मी सांगितलं की तो आमच्या इंदूरच्या संघातून खेळला, कर्नल सी. के. नायडूंच्या हाताखाली, तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

आता उमेदवार. काकूंना पहिल्या दिवसापासून एकच हवा होता, शाबी अलोन्सो. हा स्पेनचा. २००४ ते २००९ लिव्हरपूलकडून खेळला. २००५मध्ये इस्तंबूलला युरोपची फायनल होती, अर्ध्या वेळात मिलान ३-० पुढे. तिथून लिव्हरपूलने तीन गोल फेडले, त्यातला तिसरा याचा: पेनल्टी गोलकीपरने अडवली, तर परत आलेला चेंडू याने मारला. काकू त्या रात्री त्या मैदानात होत्या. तिकिटाचा तुकडा अजून फ्रेममध्ये आहे, देवघरातल्या तसबिरीसारखा पुसतात. आता तो जर्मनीत लेव्हरकुझेन नावाच्या क्लबचा कोच आहे. २०२२च्या ऑक्टोबरात तो गेला तेव्हा तो संघ तळातून दुसरा होता. या वर्षी अजून एकही सामना हरलेला नाही आणि पहिल्यांदा जर्मनीची लीग जिंकायच्या उंबरठ्यावर आहे. म्हणजे घरचाही आणि कर्तबगारही. कुणाला याहून काय हवं?

बसचा ड्रायव्हर मात्र दे झेर्बीच्या बाजूचा. हा ब्रायटनचा इटालियन कोच, गेल्या वर्षी त्या छोट्या क्लबला पहिल्यांदा युरोपच्या स्पर्धेत नेणारा. त्याची पद्धत धाडसाची. स्वतःच्याच गोलसमोर चेंडू घेऊन थांबायचं, समोरच्यांना अंगावर येऊ द्यायचं, आणि ते आले की त्यांच्या मागे मोकळ्या झालेल्या जागेत चेंडू काढायचा. चुकलं तर गोल खायचा. ड्रायव्हर म्हणतो, भीत भीत खेळण्यापेक्षा हे बरं. कोपऱ्यावरच्या येमेनी दुकानदाराला लिस्बनचा रुबेन आमोरिम हवा. वय ३९, पण तिथल्या स्पोर्टिंग क्लबला एकोणीस वर्षांनी पोर्तुगालची लीग जिंकून दिली. दुकानदाराचे सध्या रोजे चालू आहेत, संध्याकाळी उपास सोडताना खजूर माझ्याही हातावर ठेवतो आणि खजुराची बी काढता काढता सांगतो की आमोरिम मागे बचावाला तीन जण ठेवून खेळतो, इथे क्लॉपने नऊ वर्षं चार जण ठेवले, तर बदलाला एक हंगाम तरी द्यावा लागेल. त्याची खरी काळजी मोहम्मद सालाह, इथल्या संघातला मुख्य गोल करणारा. नवा माणूस आला तर सालाह राहील ना?

ऑफिसातले ते गृहस्थ, लाडवाच्या दिवशी रडलेले, ते कुणाचंच नाव घेत नाहीत. त्यांना मँचेस्टरची भीती वाटते. तिथल्या युनायटेड क्लबचा मोठा मॅनेजर फर्ग्युसन २०१३ला निवृत्त झाला, त्याच्या जागी आलेल्या डेव्हिड मॉयेसशी सहा वर्षांचा करार झाला आणि दहा महिन्यांत त्याला काढलं. ते म्हणतात, मोठ्या माणसानंतर लगेच येणाऱ्याचं हेच होतं.

पण याच गावात उलटंही घडलंय, आणि ती गोष्ट मला सगळ्यांत आवडली. १९७४च्या जुलैत तेव्हाचा लिव्हरपूलचा मॅनेजर बिल शँक्ली असाच अचानक पद सोडून गेला. दुसऱ्या वर्गात लोळणाऱ्या क्लबला त्याने वर आणलं होतं. काकू तेव्हा बारा वर्षांच्या. त्यांचे वडील गोदीत कामाला होते, बातमी ऐकून न जेवता बसून राहिले. मग क्लबने बाहेरून कुणी आणला नाही. बूट ठेवायच्या एका लहानशा खोलीत शँक्लीचे मदतनीस बसून खेळाचं बोलायचे, त्यांतलाच बॉब पेस्ली पुढे केला. त्याला ती जागा नकोच होती. त्या माणसाने नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपचे कप जिंकले. त्याच्यानंतरही त्याच खोलीतला माणूस. आपल्याकडे घराण्याची गायकी जशी गुरूजवळ बसून पुढे जाते, तशी ती खोली होती. मी काकूंना इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ ऐकवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले, इतकं संथ कुणी गाऊ शकतं याचं त्यांना नवल वाटलं. यावेळी मात्र ती वाट बंद आहे, कारण क्लॉपबरोबर त्याचे मदतनीसही निघालेत. म्हणून लोक जास्त घाबरलेत.

आता आईच्या मनात जे आलं असेल ते आधीच सांगते. हो, मी पबमध्ये गेले आहे. दोनदा, काकूंबरोबर, आणि लिंबाचा सोडा प्यायले. तिथे सत्तर वर्षांच्या बायकाही बसलेल्या असतात. पुढचा कोच कोण यावर इथे रस्त्यावरच्या दुकानात उघड सट्टा लागतो, सरकारी परवान्याने, पण त्या दुकानाची पायरी मी चढलेली नाही आणि चढणारही नाही. गर्दीचं म्हणशील, तर १९८९ला शेफिल्डच्या मैदानात चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलची ९७ माणसं गेली. काकूंच्या ओळखीचा एक मुलगाही त्यात होता. त्यानंतर मोठ्या मैदानांत प्रत्येकाला खुर्ची सक्तीची झाली. आज ॲनफिल्डला साठ हजार माणसं येतात आणि तासाभरात गल्ली रिकामी होते. रात्री एकटी येतेस का, हे तू दर फोनला विचारतेस. येते, आई. बस दारापाशी थांबते आणि काकू पडदा बाजूला करून बघत असतात. तू असतीस तर जे केलं असतंस तेच.

तर शुक्रवारी अलोन्सोने पत्रकारांना सांगितलं की तो लेव्हरकुझेनमध्येच राहणार. त्याला म्यूनिकच्या बायर्न क्लबचंही बोलावणं येईल अशी चर्चा होती, तिकडेही नाही. इथलं माझं काम अजून व्हायचंय, कोच म्हणून शिकायला मला हीच जागा योग्य आहे, अशा अर्थाचं तो बोलला. हेच ऐकून काकूंनी हाक मारली. मला वाटलं त्या चिडतील. सगळ्या गावाने त्याला आपला म्हणून गृहीत धरलं होतं, पाट मांडून ठेवला होता, आणि तो येत नाही म्हणाला. काकू खुर्चीत बसल्या. किटली मी त्यांच्या हातातून घेतली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "शहाणा आहे पोरगा. तिथली मुलं त्याच्यावर विसंबून आहेत, अर्ध्यावर टाकून कसा येईल? आपलं घर कुठे पळून जातंय." मग उठून माझ्यासाठी बन भाजायला घेतला. मी ओट्याला टेकून उभी होते आणि वर पलंगावर तुझा फोन होता.

काल लेव्हरकुझेन हरत आलं होतं, शेवटच्या मिनिटांत दोन गोल करून २-१ जिंकलं. काकूंनी ते बघून टाळ्या वाजवल्या.

आज दुपारी इथे ब्रायटनचा सामना होता, म्हणजे दे झेर्बी समोरच्या बाकावर. तिकीट काकूंचं एकट्यांचं असतं, मी घरी टीव्हीवर बघत होते. पण मैदान दोन गल्ल्या पलीकडे असल्याने टीव्हीवर चित्र यायच्या आधी आवाज खिडकीतून येतो. दुसऱ्याच मिनिटाला बाहेर एकदम शांत झालं, आणि मग टीव्हीवर ब्रायटनचा गोल झाला. नंतर दोनदा भिंती हलल्या, एकदा लुइस दियाझ, एकदा सालाह. २-१. संध्याकाळी मँचेस्टर सिटी आणि आर्सेनल बिनगोल बरोबरीत सुटले, म्हणून रात्री लिव्हरपूल ६७ गुणांनी सगळ्यांत वर आहे, नऊ सामने बाकी. ड्रायव्हर आज भेटला तर म्हणेल की हरूनही दे झेर्बीचा संघ चांगला खेळला. मला तो खेळ आवडला, पण माझं मत आता आमोरिमकडे झुकतंय. तरुण आहे, आणि दुसऱ्याच्या घरात नव्याने मांडणी करायची त्याला सवय आहे.

बाबा, तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत की यंदाच्या गणपतीनंतर मंडळाच्या वह्या खाली ठेवणार, आणि पुढे यायला कुणी तयार नाही. बावीस वर्षं तुम्ही ते ओढलंत. दादा पुण्यात, मी इथे, नाहीतर तुम्हाला हे लिहावंच लागलं नसतं, हे मला समजतं. एक सुचवू? भाद्रपदापर्यंत थांबू नका, आत्ताच सांगून टाका. क्लॉपने मालकांना नोव्हेंबरातच सांगितलं होतं आणि लोकांना जानेवारीत, म्हणून सगळ्यांना तयारीला वेळ मिळाला. आधी सांगितलं की माणसं आधी रुसतात, पण मग कामाला लागतात.

मी मात्र तुम्हाला आधी सांगितलं नाही. आता सांगते. २२ मार्चला मी इथल्या व्हिसाच्या मुदतवाढीवर सही केली. आणखी तीन वर्षं. ४ एप्रिलपासून नियम बदलतायत, बाहेरून नोकरीला येणाऱ्याचा किमान पगार २६,२०० पौंडांवरून ३८,७०० होणार. आधीपासून असलेल्यांना एवढा आकडा लागू नाही, पण ऑफिसने सांगितलं की अर्ज त्याआधीच जाऊ दे, आणि दोन दिवसांत हो की नाही सांगायचं होतं. त्या दोन्ही दिवशी मी तुमच्याशी फोनवर बोलले आणि विषय काढला नाही. तुम्ही नाही म्हणाला असतात असं नाही. तुम्ही हो म्हणाला असतात, आणि तो आवाज मला ऐकवला नसता.

त्यामुळे दोन गोष्टी अडल्या. अर्जाचा निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज रद्द धरतात, म्हणून एप्रिलमध्ये आत्याकडच्या लग्नाला मला येता येणार नाही. आत्याला मी स्वतः लिहीन, तू तिच्यापाशी माझी बाजू मांडत बसू नकोस. साडी मी घेऊन ठेवली आहे, ती पाठवते. दुसरं पैशांचं. इथल्या आरोग्यसेवेचा कर फेब्रुवारीपासून वर्षाला ६२४ पौंडांचा १,०३५ झाला आणि तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. ३,१०५ पौंड, आपले सव्वातीन लाखांच्या घरात. म्हणून गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे कबूल केलेले पैसे एकदम जमणार नाहीत. साठ हजार मंगळवारी निघतील, उद्या इथे ईस्टरची सुट्टी आहे. उरलेले मेअखेर, पाऊस यायच्या आत नक्की. ठेकेदाराला काम सुरू करायला सांगा. बाबांनी एफडी मोडायची नाही. मोडलीत तर मला वाईट वाटेल, हे आत्ताच लिहून ठेवते.

आणि आई, देवासचं. इथे कुणी आहे का, हे तू वहिनीला विचारायला लावलंस. मला विचारलं असतंस तरी मी तेच सांगितलं असतं: नाही. कुणी असतं तर सगळ्यांत आधी तुला कळलं असतं. त्या मुलाशी मी दोनदा बोलले आहे, वहिनीने नंबर दिला, तिला रागावू नको. माणूस सरळ वाटला. मी तीन वर्षांचं त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प झाला आणि म्हणाला, विचार करून सांगतो. मला ते बरं वाटलं, लगेच हो म्हणाला असता तर विश्वास बसला नसता. म्हणून त्यांना होकार कळवू नकोस, नकारही नको. पत्रिका पाठव. शुक्राच्या अस्तामुळे मे-जूनमध्ये मुहूर्त नाहीतच, तेव्हा त्यांनाही घाई नसेल. दिवाळीला मी येते. हे नक्की धर, तिकीट जुलैत काढीन.

आपला जीरावन मसाला संपत आलाय. कुणी येणार असेल तर पाव किलो पाठव, काकू बटाट्यावर घालून खातात. दादा-वहिनीकडे आशीर्वाद मागते, पिल्लूला पापा.

पत्र पोचायला आठ-दहा दिवस लागतील. तोवर रोज साडेनवाला फोन येईलच. त्यात मी व्हिसाचं काही बोलणार नाही. पत्र वाचून झालं की बाबांनी फोन घ्यावा, आईने नंतर. आईचा आवाज आधी आला तर मला बोलता येणार नाही.

तुमची,
छोटी